फोटो मागायचे कुणाकडे? कोलंबियाचे जमिनीवरचे सोळा दिवस

आमच्या प्लांटला दरवर्षी जुलैत नवीन ट्रेनी इंजिनिअर येतात, वीस-पंचवीस पोरं-पोरी, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांचं कम्युनिकेशनचं एक सेशन असतं ते मी घेतो. आधी त्यात मेल कशी लिहायची, सीसीमध्ये कोणाला ठेवायचं, सब्जेक्ट लाइन कशी असावी असलं सगळं असायचं. काही वर्षांपूर्वी ते सगळं काढून टाकलं आणि आता दोन तास एकच प्रकरण घेतो, नासाच्या कोलंबिया या स्पेस शटलचं, म्हणजे अंतराळात जाऊन परत येणाऱ्या यानाचं. कल्पना चावला त्या यानात होती एवढं सगळ्यांना माहीत असतं, करनालची मुलगी, १९९७ ला पहिल्यांदा गेली ती पण कोलंबियातूनच, आणि २००३ ला दुसऱ्यांदा गेली ती परत आलीच नाही. पण त्या उड्डाणाच्या सोळा दिवसांत खाली जमिनीवर, ऑफिसांमध्ये काय चाललं होतं, कोणी कोणाला मेल केली, कोणी फोन फिरवला, मीटिंगमध्ये कोण बोललं आणि कोण गप्प बसलं, हे फार कमी जणांना माहीत असतं. मला विचाराल तर नोकरी करणाऱ्या माणसाने शिकायचं असेल तर ते सगळं तिथेच आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहून काढतोय.

आधी घटना. १६ जानेवारी २००३ ला सकाळी फ्लोरिडातून कोलंबिया उडालं. साधारण ८२ सेकंदांनी, बाहेरच्या मोठ्या नारिंगी टाकीवरच्या उष्णतारोधक फोमचा एक तुकडा सुटला आणि डाव्या पंखावर आदळला. तुकडा म्हणजे प्रवासाच्या सुटकेसएवढा, वजन जेमतेम पाऊण किलो, पण यानाच्या तुलनेत त्याचा वेग ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास होता. उडताना हे कोणाच्या लक्षात आलं नाही, दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यांच्या फिल्म बघताना दिसलं. त्यातही जो कॅमेरा सगळ्यात चांगल्या कोनातून बघत होता त्याचा फोकस नीट नव्हता, त्यामुळे तुकडा लागला हे पक्कं पण नेमका कुठे लागला आणि काय तुटलं ते कळेना. आणि फोम सुटणं हे काही पहिल्यांदा घडत नव्हतं, आधीच्या कित्येक फ्लाइटना सुटलेला होता आणि यानं सुखरूप परत आली होती, त्यामुळे वरच्या लोकांच्या डोक्यात हा विषय 'परत आल्यावर दुरुस्ती' या खात्यात जाऊन बसलेला होता.

फिल्म बघणाऱ्या टीमने मात्र एवढा मोठा तुकडा इतक्या उंचीवर लागलेला आधी बघितला नव्हता. त्यांनी लगेच म्हटलं की यान आता कक्षेत आहे तर अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडे जे उपग्रह आणि जमिनीवरचे ताकदवान कॅमेरे आहेत त्यातून पंखाचे फोटो काढून घेऊ, म्हणजे अंदाज बांधत बसायला नको. इथपर्यंत कोणाचंच काही चुकलं नाही, उलट लोकांनी वेळेत ओळखलं, वेळेत मागितलं. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट हीच आहे. माहिती होती, शंका होती, काय करायला पाहिजे तेही बरोबर सुचलं होतं, आणि तरी ते झालं नाही.

फोटोंची मागणी एकदा नाही तर तीन वेगवेगळ्या वाटांनी गेली. पहिली, फिल्मवाल्या टीमच्या प्रमुखाने केनेडी स्पेस सेंटरवरच्या वेन हेल या मॅनेजरना सांगितलं आणि ते म्हणाले बघतो काय करता येतंय ते. दुसरी, एका कंत्राटदार कंपनीतल्या माणसाने ह्यूस्टनला ओळखीच्या मॅनेजरला फोन केला, की आमचे इंजिनिअर काळजीत आहेत, फोटो मिळतील का, आणि त्या मॅनेजरने संरक्षण खात्याच्या एका ऑफिसला फोन करून चौकशी केली. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. या धडकेचा अभ्यास करायला जी टीम नेमली होती, डेब्रिस असेसमेंट टीम, तिची मीटिंग २१ तारखेला झाली आणि तिथे सगळ्यांचं एकमत झालं की फोटोंशिवाय आपलं गणित पुढे जाणार नाही. मागणी पुढे न्यायचं काम रॉडनी रोचा यांच्याकडे आलं. हे ह्यूस्टनच्या जॉन्सन स्पेस सेंटरचे स्ट्रक्चर्सचे सिनिअर इंजिनिअर, टीमचे दोनपैकी एक प्रमुख.

आता इथे थोडं थांबून समजून घ्या. यान वर असताना नासात एक ठरलेली वाट होती. इंजिनिअरिंगचा प्रश्न आधी मिशन इव्हॅल्युएशन रूममध्ये जायचा, तिथून मिशन मॅनेजमेंट टीमकडे, आणि ती टीम हो म्हणाली की फ्लाइट कंट्रोलमधल्या ठराविक माणसाकडे, जो बाहेरच्या खात्याशी अधिकृतपणे बोलणार. ही झाली उड्डाणाची वाट. आणि दुसरी वाट रोजच्या नोकरीची, म्हणजे आपला डिपार्टमेंट, आपला मॅनेजर, मॅनेजरचा मॅनेजर. रोचांनी २१ तारखेला संध्याकाळी आपल्या इंजिनिअरिंग विभागातल्या मॅनेजरना मेल टाकली. सब्जेक्टमध्येच लिहिलं होतं की पंखावरच्या धडकेसाठी बाहेरून फोटोची मदत हवी, आणि आत ठळक अक्षरात विचारलं होतं की बाहेरच्या एजन्सीकडे मदतीसाठी अर्ज, अगदी याचना, करता येईल का.

मेल वाचली तर त्यात तळमळ आहे. पण ती विभागाच्या वाटेने गेली, उड्डाणाच्या वाटेने गेली नाही. नंतर अपघाताच्या चौकशी समितीने नेमकं यावर बोट ठेवलं, की या वाटेमुळे मागणीतली निकड पातळ झाली, मॅनेजमेंटला ती इंजिनिअरांची एक इच्छा वाटली, उड्डाणाची गरज वाटली नाही. म्हणजे शब्द तेच, माणूस तोच, धोका तोच, फक्त दार वेगळं, आणि त्या एका गोष्टीने मागणीचं वजन बदललं. मी रोचांना दोष देत नाही हं. आपल्यातला कोणीही असता तरी आधी स्वतःच्या मॅनेजरकडेच गेला असता, आपल्याला शाळेपासून तेच शिकवलंय, आधी वर्गशिक्षक मग हेडमास्तर. पण आगीच्या वेळचा जिना वेगळा असतो आणि तो कुठे आहे ते आग लागायच्या आधी माहीत असावं लागतं.

आणि ही पहिली मेल नव्हती. १९ तारखेला, रविवारी रात्री साडेअकराच्या सुमारास, रोचांनी त्याच मॅनेजरना एक मेल केली होती, की अंतराळवीरांना पंखाकडे बघायला सांगितलंय का. त्या मेलला उत्तर आलंच नाही. तो लांबलेला वीकएंड होता, सोमवारी मार्टिन ल्यूथर किंग यांची सुट्टी. मेलचा हा गुण आपण विसरतो, की ती पाठवणाऱ्याला काम झाल्याचं समाधान देते आणि घेणाऱ्यावर काहीच बंधन टाकत नाही. फोन वाजला तर उचलावा तरी लागतो, समोर माणूस उभा राहिला तर हो किंवा नाही म्हणावं लागतं.

२२ तारखेला काय झालं ते बघा. मिशन मॅनेजमेंट टीमच्या प्रमुख लिंडा हॅम यांच्या कानावर आलं की कोणीतरी संरक्षण खात्याला फोटोंसाठी फोन केलेत. त्यांनी विचारायला सुरुवात केली की ही मागणी नक्की कोणाची आहे, अधिकृत गरज कोणी नोंदवली आहे का. ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी कोणीच म्हणालं नाही की हो, माझी आहे. साहजिकच होतं, कारण तिन्ही मागण्या ओळखीने, फोनवर नाहीतर विभागातल्या मेलवर, बाजूच्या दाराने गेलेल्या, अधिकृत गरज म्हणून कोणाच्याच नावावर नोंद नव्हती. आणि जी टीम फोटो मागत होती तिच्याशी थेट बोलणं काही झालं नाही. मग मागणी रद्द झाली. दुसऱ्या दिवशी नासातून संरक्षण खात्याकडे एक सभ्य मेलसुद्धा गेली, की यान उत्तम स्थितीत आहे, तुमचे आभार, आणि यातून आम्हाला एवढं कळलं की पुढच्या वेळी अशी विनंती अधिकृत चॅनलनेच यायला हवी. ही मेल मी पोरांना वाचून दाखवतो तेव्हा वर्ग एकदम शांत होतो. फोटोंचा विषय संपला आणि त्यातून जो धडा घेतला गेला तो चॅनलच्या शिस्तीचा.

हॅमबाईंवर खूप लिहिलं गेलंय आणि त्यातलं बरंच एकतर्फी आहे असं माझं मत. त्यांनी विचारलं हे खरं आहे. पण 'कोणाची गरज आहे' असं विचारलं, 'कोणाला कसली भीती वाटतेय' असं विचारलं नाही, आणि हा फरक फार मोठा आहे. शिवाय इंजिनिअरांची गोची अशी, की गरज अनिवार्य आहे हे सिद्ध करा मग फोटो मिळतील, आणि सिद्ध करायला तर फोटोच पाहिजेत.

आता या प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात जड तुकडा. मागणी फेटाळली गेल्याचं कळल्यावर रोचांनी त्याच दिवशी अजून एक मेल लिहायला घेतली. त्यात त्यांनी लिहिलं की माझ्या नम्र तांत्रिक मतानुसार बाहेरून फोटोची मदत न मागणं हे चुकीचं, जवळजवळ बेजबाबदार उत्तर आहे. पुरेसं मोठं नुकसान झालं असेल तर अतिशय गंभीर धोका उभा राहू शकतो हे पुन्हा सांगितलं. शुक्रवारच्या मिशन मॅनेजमेंटच्या मीटिंगआधी विभागाच्या वरिष्ठांशी बोलता येईल का असं विचारलं. आणि शेवटी लिहिलं, आपल्याकडे सगळीकडे ते सेफ्टीचे पोस्टर लावलेत ना, सुरक्षित नसेल तर बोला म्हणून? हो, हे तितकंच गंभीर आहे.

ही मेल त्यांनी पाठवली नाही. प्रिंट काढली, एका सहकाऱ्याला दाखवली आणि ठेवून दिली. नंतर विचारल्यावर म्हणाले की मला माझ्या वरच्यांना डावलून वर जायचं नव्हतं, मी सांगायचं ते सांगितलं होतं, पुढचा निर्णय मॅनेजमेंटवर सोडला.

तो प्रिंट केलेला कागद मला डोळ्यांसमोर दिसतो. स्क्रीनवर सगळं लिहून झालंय, प्रत्येक वाक्य बरोबर आहे, कर्सर सेंडवर आहे, आणि माणूस सेंडऐवजी प्रिंट दाबतो. ज्याने कुठल्याही कंपनीत दहा वर्षं काढलीत त्याच्याकडे असा एखादा कागद किंवा ड्राफ्टमध्ये पडलेली मेल असणारच. भित्रा माणूस असं करतो असं मला वाटत नाही. ज्याला आपल्या कामाची चाड आहे आणि आपल्या संस्थेचा आदरही आहे, तोच या दोन्हींच्या मध्ये असा अडकतो.

पोरं इथे हमखास म्हणतात, सर त्यांनी मेल पाठवायला पाहिजे होती. मी म्हणतो, ठीक आहे, पाठवली असती, मग? त्याच वाटेवरची अजून एक मेल. आधीच्या मेलींचं काय झालं ते आपण बघितलं. शुक्रवारी २४ तारखेला मिशन मॅनेजमेंटची मीटिंग होती, निर्णय घेणारी सगळी माणसं एका जागी येणार होती, तिथे एक वाक्य मोठ्याने बोलायची गरज होती, 'आम्हाला फोटो पाहिजेत, आमची टीम मागतेय, नोंद करा'. रोचांनी पुढे टीव्हीवरच्या मुलाखतीत मोकळेपणाने सांगितलं की मला ते जमलं नाही, मी संस्थेत फार खाली होतो आणि त्या फार वर. त्यामुळे चॅनल निवडणं म्हणजे नुसतं मेल की फोन की मीटिंग एवढं नसतं, त्या चॅनलमध्ये तोंड उघडायची माझी पायरी आहे का हाही त्यातलाच भाग आहे, आणि ती पायरी तयार करायचं काम वर बसलेल्यांचं आहे. पोस्टर लावून ती तयार होत नाही.

इथे मी पोरांना माझ्या एका जुन्या नोकरीतली गोष्ट सांगतो, कारण नासा म्हटलं की त्यांना वाटतं हे आपल्या जगातलं नाही. तिथे आमचा मेंटेनन्सचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, साठेक माणसं त्यात, मॅनेजरपासून हेल्परपर्यंत. एकदा नाइट शिफ्टला रात्री दोनच्या सुमारास एका ऑपरेटरने हायड्रॉलिक प्रेसचा फोटो टाकला, खाली तेल साचलेलं, आणि लिहिलं की पाइपपाशी ऑइल येतंय. चार अंगठे आले. प्रत्येक अंगठ्याचा अर्थ 'मी बघितलं' एवढाच होता, पण ऑपरेटरने समजून घेतलं की कोणीतरी येतंय आणि अंगठेवाल्या प्रत्येकाने समजून घेतलं की दुसरा जाईल. साडेपाचला पाइप फुटला, गरम तेल एका पोराच्या पायावर उडालं, तीन आठवडे बिचारा घरी. त्याच्या आईला मी भेटायला गेलो होतो, ती मला एकच विचारत होती की साहेब, यानं सांगितलं होतं ना तुम्हाला सगळ्यांना? सांगितलं होतं, सगळ्यांना सांगितलं होतं, तिथेच तर घोळ होता. शिफ्ट इनचार्ज तिथून शंभर पावलांवर बसलेला होता, त्याला एक फोन गेला असता तर त्याला प्रेस बंद करा किंवा चालू ठेवा यातलं काहीतरी स्वतःच्या तोंडाने बोलावं लागलं असतं.

तेव्हापासून माझी निरोप तपासायची पद्धत बदलली. निरोप मिळाल्यावर समोरच्याने काय करावं अशी माझी अपेक्षा आहे, एवढंच आधी बघतो. नुसतं माहीत असावं एवढंच असेल तर ग्रुप काय, मेल काय, काही चालेल. पण काहीतरी करावं किंवा ठरवावं अशी अपेक्षा असेल तर एका माणसाचं नाव पाहिजे, आणि त्याने मला उलट काहीतरी बोललं पाहिजे. आणि मग ते बोललेलं कुठेतरी लिहिलेलंही राहिलं पाहिजे, रजिस्टर असो नाहीतर मेल. कोलंबियात मागणी करणाऱ्यांनी नुसतं 'बघा जमलं तर' अशा भाषेत आणि अशा वाटांनी सांगितलं, आणि ऐकणाऱ्यांनी ते तसंच ऐकलं.

आता स्लाइडचा भाग, हा मला तांत्रिक माणूस म्हणून फार लागतो. २४ तारखेला सकाळी डेब्रिस असेसमेंट टीमने मिशन इव्हॅल्युएशन रूममध्ये आपला अभ्यास मांडला. खोली इतकी भरली होती की लोक उभे होते, बाहेर पॅसेजमध्येसुद्धा इंजिनिअर रांगेने उभे. एवढी गर्दी का झाली असेल असा प्रश्न कोणाला पडायला हवा होता. मांडणी पॉवरपॉइंटवर, बोईंगच्या इंजिनिअरांनी बनवलेल्या स्लाइड. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक होतं, टेस्टच्या माहितीवरून टाइलच्या (यानाच्या उष्णतारोधक फरश्यांच्या) नुकसानीबाबतचा आपला अंदाज सावधगिरीच्या बाजूला आहे, अशा अर्थाचं. शीर्षक वाचलं की वाटतं बरं झालं, काळजीचं कारण नाही. खाली बुलेट, बुलेटच्या आत बुलेट, आत अजून बारीक बुलेट. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात, एक ओळ होती, की हा तुकडा १९२० घनइंचांचा आहे आणि टेस्टमधला ३ घनइंचांचा होता.

भागून बघा. ६४० पट. म्हणजे ज्या टेस्टच्या जोरावर वर शीर्षकात दिलासा दिलाय, त्या टेस्टचा या धडकेशी काही संबंधच नव्हता, आणि हे त्याच पानावर लिहिलेलं होतं. खोटं कोणी बोललं नाही, लपवलंही नाही. येल विद्यापीठाच्या एडवर्ड टफ्टी यांनी या स्लाइडची नंतर चिरफाड केली, त्यात दाखवलं की 'सिग्निफिकंट' हा शब्द एका पानात पाच वेळा आलाय आणि प्रत्येक वेळी तो किती म्हणजे किती ते कुठेच नाही. चौकशी समितीने ते विश्लेषण आपल्या अहवालात घेतलं आणि स्पष्ट लिहिलं की तांत्रिक अहवालाच्या जागी स्लाइड वापरायची नासाला सवय लागली होती आणि ती घातक आहे. मला यात एक गोष्ट जोडावीशी वाटते. तोच इंजिनिअर तेच दोन पानांवर सलग वाक्यांत लिहायला बसला असता तर 'आमची टेस्ट ३ घनइंचांची होती, हा तुकडा १९२० चा आहे, म्हणून...' इथे आल्यावर त्याला 'म्हणून'च्या पुढे काहीतरी लिहावंच लागलं असतं. बुलेटमध्ये 'म्हणून' येत नाही. बुलेट एकाखाली एक नुसत्या ठेवता येतात.

आणि ही स्लाइडसुद्धा वरपर्यंत पूर्ण गेली नाही. तासाभराने मिशन मॅनेजमेंटची मीटिंग सुरू झाली, तिथे इव्हॅल्युएशन रूमच्या प्रमुखाने या सगळ्याचा तोंडी सारांश दिला, थोडक्यात. अनिश्चितता तिथे पोचेपर्यंत अजून झिरपून गेली. थोडी चर्चा झाली, आणि हॅमबाईंनी ती आवरताना सांगितलं की आरपार जळेल असं वाटत नाही, उड्डाणाच्या सुरक्षेचा प्रश्न नाही, परत आल्यावर दुरुस्तीला वेळ जाईल इतकंच, काही प्रश्न? प्रश्न आले नाहीत. डझनावारी लोकांच्या रात्री-रात्रीच्या कामाचं आधी स्लाइड झालं, मग स्लाइडची चार वाक्यं झाली, मग चार वाक्यांचं एक. नियमाप्रमाणे ही मीटिंग यान वर असताना रोज व्हायला हवी होती. सोळा दिवसांत पाच वेळा झाली.

आता वर यानात काय पोचलं ते. २३ तारखेला फ्लाइट डायरेक्टर स्टीव्ह स्टिच यांनी कमांडर रिक हसबंड आणि पायलट विली मॅकूल यांना मेल केली. मेलचा सूर असा, की एक गोष्ट आहे, खरं तर सांगण्याएवढीही मोठी नाही, पण पत्रकारांनी विचारलं तर तुम्ही गोंधळायला नको म्हणून सांगतोय. उडताना फोम सुटला, पंखाच्या भागाला लागला, तज्ज्ञांनी बघितलंय, परतीच्या प्रवासाला अजिबात चिंता नाही. सोबत व्हिडिओही दिला. हसबंडनी आभार मानले.

यात मला कोणाचा वाईट हेतू दिसत नाही, स्टिच यांना जे खरं वाटत होतं तेच त्यांनी लिहिलं. पण तारीख बघा, २३. अभ्यास करणारी टीम आपली मांडणी २४ ला करणार होती. म्हणजे निष्कर्ष आधी वर गेला आणि अभ्यास नंतर आला. आणि ज्यांच्या जिवाचा प्रश्न होता त्या सात जणांपर्यंत हा विषय पोचला तो पत्रकार परिषदेच्या तयारीची एक मेल म्हणून. कल्पना चावला स्वतः एरोस्पेसमध्ये डॉक्टरेट केलेली इंजिनिअर होती. तिच्यासमोर १९२० आणि ३ हे दोन आकडे ठेवले असते तर तिने काय विचारलं असतं, हा प्रश्न मी वर्गात विचारतो, उत्तर कोणी देत नाही आणि मीही मागत नाही.

शेवटच्या आठवड्यात नासाच्या व्हर्जिनियातल्या लँगली सेंटरच्या इंजिनिअरांचेही मेल चालू होते, चाकांच्या खोबणीत उष्णता शिरली तर उतरताना टायरचं काय होईल यावर. एकाने विचारलं होतं की या विषयावर काही चाललंय का, की सगळे नुसती बरं होऊ दे अशी आशा धरून बसलेत. हे सगळं आपापसात, खालच्या पातळीवर, ओळखीच्या माणसांत फिरत राहिलं.

१ फेब्रुवारीला सकाळी, उतरायला सोळा मिनिटं बाकी असताना, टेक्सासच्या आकाशात कोलंबियाचे तुकडे झाले. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला भोक पडलेलं होतं, तिथून तापलेली हवा आत शिरली आणि पंख आतून वितळला. ७ जुलै २००३ ला सॅन अँटोनिओच्या प्रयोगशाळेत तसाच फोमचा तुकडा तोफेने पंखाच्या पुढच्या कडेच्या तशाच कार्बन पॅनलवर मारून बघितला तर चाळीस सेंटिमीटरचं भगदाड पडलं. ते बघेपर्यंत पुष्कळ अनुभवी माणसांना वाटत होतं की फोम एवढं करूच शकत नाही.

फोटो मिळाले असते तर सातही जण वाचले असते असं मी म्हणणार नाही. समितीच्या सांगण्यावरून नासानेच नंतर अभ्यास केला तेव्हा असं निघालं की वेळेत कळलं असतं तर अटलांटिस हे दुसरं यान घाईने तयार करून पाठवणं फार अवघड पण शक्य कोटीतलं होतं. निदान प्रयत्न करता आला असता. तो करायचा की नाही हे ठरवायची वेळच आली नाही, कारण प्रश्न ठरवणाऱ्यांच्या टेबलावर प्रश्न म्हणून आलाच नाही.

ॲडमिरल हॅरल्ड गेहमन यांच्या समितीचा अहवाल २६ ऑगस्ट २००३ ला आला. त्यातल्या शिफारशींत बऱ्याच तांत्रिक आहेत, पण मला एक साधी शिफारस सगळ्यात आवडते. संरक्षण खात्याच्या फोटो एजन्सीशी करार करा आणि प्रत्येक उड्डाणात, काही झालेलं असो वा नसो, कक्षेतल्या यानाचे फोटो घ्यायचेच असा नियम करा. म्हणजे मागणी करायचा प्रश्नच काढून टाका. कोणाची गरज, कोणती वाट, कोणाची पायरी, काही नको. मागायला धीर लागतो हे ओळखून त्यांनी धीराची गरजच काढून घेतली. आमच्याकडेसुद्धा आता प्रेसखाली तेल दिसलं की मशीन थांबवायला कोणाला विचारावं लागत नाही, थांबवल्यानंतर कळवायचं असतं.

२६ जुलै २००५ ला शटल पुन्हा उडालं, डिस्कव्हरी, कमांडर आयलीन कॉलिन्स. दोन दिवसांनी स्पेस स्टेशनजवळ पोचल्यावर त्यांनी आख्खं यान हळूहळू उलटं फिरवून त्याचं पोट स्टेशनकडे केलं, आणि स्टेशनच्या खिडक्यांतून दोघे जण कॅमेरे घेऊन एकामागून एक फोटो काढत राहिले. त्या फोटोंसाठी कोणी मेल लिहिली नव्हती.